नव्या मॅडमच्या पाठीशी कोण?

मागच्या लेखात नर्सिंग कॉलेजांतल्या नव्या शिक्षकांबद्दल दोन परिच्छेद काय लिहिले, पत्रांचा ओघच लागला. परभणी, वसमत, हिंगोली, गंगाखेड, नांदेड इथून पत्रं आली. बरीचशी पूर्णा जंक्शनवरून रोज अप-डाऊन करणाऱ्यांची आहेत. मी पूर्णेतच राहते, म्हणून काही पत्रं हातोहातही मिळाली. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय, त्यामुळे कुणाचंच नाव दिलेलं नाही. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

मी पूर्णेची. बीएस्सी झाल्यावर नांदेडच्या एका रुग्णालयात बरीच वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स होते. यंदा एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून लागले. वॉर्डात माझा हात कधी थरथरला नाही, पण वर्गात उभी राहिले की घसा कोरडा पडतो. परवा लॅबमध्ये बीपीचं प्रात्यक्षिक दाखवताना मुलींना काहीच कळेना. एक सीनियर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आयसीयूवाल्या ना तुम्ही, मग एवढंही येत नाही?" तेव्हापासून वॉर्डात परत जावंसं वाटतंय. — नवी ट्यूटर, पूर्णा

वॉर्डाची ओढ वाटत असेल तर जरूर जा. पण "मला येत नाही" म्हणून जाऊ नका. नर्सिंग तुम्हाला येतं. नर्सिंग शिकवायचं कसं, हे तुम्हाला अजून कुणी दाखवलेलं नाही, आणि ही उणीव तुमची नव्हे.

ट्यूटर व्हायला बीएस्सी आणि वर्षाचा अनुभव पुरतो. एमएस्सी केलेल्यांना पहिल्या वर्षी 'नर्सिंग एज्युकेशन' हा अख्खा विषय असतो, त्यात पाठ घ्यावे लागतात आणि मागे बसून कुणीतरी ते तपासतं. बीएस्सीतही शिक्षणतंत्राचा विषय असतो, पण तो पास होणं वेगळं आणि सोमवारी सकाळी पहिल्या सेमिस्टरच्या भरलेल्या वर्गापुढे उभं राहणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली नर्सिंगच्या शिक्षकांना कोणती कौशल्यं यायला हवीत याचा एक स्वतंत्र आराखडाच काढला. शिकवणं हे वेगळं काम आहे आणि ते शिकावं लागतं, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेने १९८४ साली 'फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट' हे पुस्तक लिहिलं. नवशिकी नर्स पाच पायऱ्या चढत तज्ज्ञ कशी होते, ते त्यात सांगितलंय. या पायऱ्या आपण सगळ्यांनी परीक्षेत घोकून लिहिल्या आहेत. पण त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते: कितीही मुरलेली नर्स असो, अनुभव नसलेल्या विभागात गेली की ती पुन्हा पहिल्या पायरीवर येते. वर्ग हा तुमच्यासाठी असाच नवा विभाग आहे.

आता तुमच्या त्या बीपीकडे वळू. तुम्ही कफ बांधता, बल्ब दाबता, आणि मिनिटभरात आकडा सांगून मोकळ्या होता. समोरच्या मुलीला मात्र निम्मं काही दिसलेलंच नसतं. दंडाची जाडी बघून तुम्ही कफ निवडलात, हात हृदयाच्या पातळीला टेकवलात, पेशंट आत्ताच जिना चढून आलाय का ते एका नजरेत पाहिलंत, हे सगळं तुमच्याकडून न बोलता झालं. आधी मनगटाची नाडी धरायची, ती नाहीशी होते तो आकडा लक्षात ठेवायचा, मग त्याच्या वर वीस-तीसपर्यंत पारा चढवायचा, ही पायरी आयसीयूतल्या मॉनिटरच्या सवयीने तुमच्या हातातून सुटलीही असेल. मुलगी विचारते, "मॅडम, आधी नाडी कशाला धरायची?" आणि तुम्ही अडखळता. खरं तर उत्तर तुमच्याजवळ आहे. ब्लडप्रेशर वाढलेल्या काही पेशंटमध्ये आवाज मध्येच गायब होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. नाडी न धरता पारा कमीच चढवला, तर तो खालचा आवाज वरचा आकडा म्हणून लिहिला जातो आणि १८० चं बीपी १४० म्हणून चार्टवर जातं. हे तुमचा हात जाणतो. ते तोंडाने, ओळीने, कारणासकट सांगायचा सराव तेवढा राहिलाय.

तो सराव एकटीने होत नाही, म्हणून मेंटॉर लागतो. कॉलेजकडून नेमून यायची वाट बघत बसू नका. जिचं शिकवणं तुम्हाला आवडतं अशा एकीला गाठा आणि नेमकं एकच मागा: "मॅडम, पंधरा दिवसांतून एकदा माझ्या लॅबमध्ये मागे येऊन बसाल का? आणि मला तुमच्या तासाला बसू द्याल का?" येण्याआधी काय बघायचं ते दोघींनी ठरवा, आणि एका वेळी एकच गोष्ट ठरवा. उदाहरणार्थ, "मी पायरी सांगण्याआधीच हात पुढे करते का, एवढंच बघा." सगळंच बघायला सांगितलं तर शेरा येतो, "छान झालं, थोडा आवाज वाढवा." त्याचा उपयोग शून्य. तास झाला की त्याच दिवशी पाव तास बसा, आणि आधी तुम्ही बोला: कुठे अडलं, कुठे जमलं. मेंटॉरने नंतर बोलावं. हा क्रम उलटा झाला की त्या बोलण्याची परीक्षा होते.

पूर्णा ते नांदेड ये-जा करत असाल तर तुमच्याच डब्यात सीनियर सिस्टर, इतर कॉलेजांचे शिक्षक भेटतात. त्या अर्ध्या-पाऊण तासातही खूप शिकता येतं. फक्त डब्यात पेशंटचं किंवा विद्यार्थ्याचं नाव तोंडातून येऊ देऊ नका, पुढच्या बाकावर त्याचा नातेवाईक असू शकतो.

आणि त्या सीनियर मॅडमना एकट्या असताना गाठून शांतपणे सांगा, "माझं चुकलं तर मला बाजूला घेऊन सांगा, मुलींसमोर नको." एवढं मागणं अवाजवी नाही. मुलींसमोर शिक्षिकेचा अपमान झाला की उद्या वॉर्डात याच मुली ज्युनियरना तसंच बोलतात.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजची प्राचार्य आहे. विद्यार्थ्यांसाठी मेंटॉर-मेंटी रजिस्टर आम्ही ठेवतोच. आता नव्या शिक्षकांसाठीही तशीच योजना सुरू करायची आहे. विभागप्रमुखांनाच मेंटॉर करावं असा विचार आहे. रजिस्टरचा एखादा नमुना असल्यास कळवावा.

नमुना कळवत नाही, मॅडम, राग मानू नका. रजिस्टरपासून सुरुवात केली की योजना रजिस्टरातच राहते. इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात वर्षभराच्या सह्या एका बैठकीत होतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पहिली विनंती: विभागप्रमुखांना मेंटॉर करू नका. नव्या शिक्षिकेचा गोपनीय अहवाल त्यांच्याच हातात असतो, तिची रजा त्याच मंजूर करतात. अशा माणसाला कुठली नवी ट्यूटर सांगेल की "मॅडम, ॲसिड-बेसचा धडा मला स्वतःलाच नीट कळलेला नाही"? ती गप्प बसेल, आणि ती गप्प बसली की मेंटॉरिंग तिथेच संपलं. मेंटॉर दुसऱ्या विभागाची असावी, आणि तिच्याकडून मूल्यमापनासाठी एक शब्दही मागवला जाणार नाही असं तुम्ही लेखी द्यावं. हा लेख वाचून तुम्ही एकच गोष्ट करणार असाल, तर हीच करा.

कॅथी क्रॅम यांच्या १९८५ च्या 'मेंटॉरिंग ॲट वर्क' या पुस्तकाचा आधार या विषयात आजही घेतात. मेंटॉरचं काम त्यांनी दोन भागांत मांडलं. एक भाग नोकरीत पुढे नेण्याचा: संधी दाखवणं, ओळखी करून देणं, आव्हानाचं काम देणं, अडचणीत पाठराखण करणं. दुसरा भाग माणूस म्हणून सांभाळण्याचा: ऐकून घेणं, धीर देणं, स्वतःच्या वागण्यातून दाखवणं. आपल्याकडच्या योजनांत पहिला भाग कागदावर असतो, दुसरा कुणाच्या गावीही नसतो. रात्रपाळीला मुलांना घेऊन गेलेल्या ट्यूटरसमोर एखाद्या विद्यार्थिनीच्या हातून चुकीचं औषध जाता जाता वाचलं, तर दुसऱ्या दिवशी त्या ट्यूटरला कुणाशी तरी बोलायचं असतं. ते कुणी ऐकलं नाही तर ती पुढच्या वेळी मुलांना औषधाच्या ट्रॉलीपाशी फिरकूच देत नाही. मुलं तीन महिने नुसती ताप-नाडी-श्वासाचे टीपीआर चार्ट भरत बसतात.

दुसरी विनंती वेळेची. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो, आणि क्लिनिकलचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचे ऐंशी तास. हे तास मुलांसोबत वॉर्डात उभं राहूनच भरतात. अशात "वेळ मिळेल तसं भेटा" म्हणणं म्हणजे भेटू नका म्हणणं. वेळापत्रकात दोघींचा एक तास एकाच वेळी मोकळा ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा का होईना, आणि तो कामाच्या तासांत धरा. एवढं शक्य नसेल तर यंदा योजना जाहीरच करू नका. जाहीर करून न पाळलेल्या योजनेमुळे पुढच्या वर्षीची खरी योजनाही बुडते.

तिसरी गोष्ट, तुमच्या कॉलेजात अनुभवी शिक्षक मोजकेच असतील. मग बाहेर बघा. आपल्या भागात कॉलेजं विखुरलेली आहेत, प्रत्येकात एखाद-दुसरी जाणती व्यक्ती आहे. पूर्णेला तीन दिशांनी गाड्या येतात: परभणीकडून, नांदेडकडून आणि वसमत-हिंगोलीमार्गे अकोल्याकडून. चार-पाच कॉलेजांनी मिळून महिन्यातला एक शनिवार ठरवला आणि नवे-जुने शिक्षक पूर्णेत भेटले, तर कुणालाच मुक्काम करावा लागणार नाही. आपल्याच कॉलेजच्या माणसापेक्षा दुसऱ्या कॉलेजच्या मेंटॉरशी मोकळं बोलणं कितीतरी सोपं जातं. परभणीला २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. दोन्हीकडच्या रुग्णालयांत जुन्या इन्चार्ज सिस्टर आहेत. त्यांनाही बोलवा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात महाविद्यालयीन शिक्षकांसाठी 'नॅशनल मिशन फॉर मेंटॉरिंग' सुचवलेलं आहे. ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांची मदत घ्यावी, त्यातही भारतीय भाषांतून शिकवू शकणारे असावेत, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तुम्ही संस्थेच्या व्यवस्थापनाकडे मानधनाची आणि प्रवासखर्चाची मागणी कराल तेव्हा या तरतुदीचा उल्लेख जरूर करा.

शेवटचं, ही जोडी कायमची नसते. क्रॅम यांनीही या नात्याचे टप्पे सांगताना वेगळं होण्याचा टप्पा महत्त्वाचा मानलाय. वर्षभराने दोघींना विचारा, आणि पटत नसेल तर कुणाला दोष न देता जोडी बदला.

मी या क्षेत्रात जन्म काढला. आम्हाला कुणी हात धरून शिकवलं नाही, वॉर्डात ढकललं आणि आम्ही शिकलो. आता नव्या पोरींना तयार करावं, तर सरकारी भरतीचा निकाल लागला की त्या स्टाफ नर्स म्हणून निघून जातात. मग हा वेळ का घालवायचा? — एक ज्येष्ठ प्राध्यापिका, नांदेड

तुमचा थकवा मला समजतो. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू.

पोरी जातात त्या पगारासाठी. सरकारी स्टाफ नर्सचा पगार, पेन्शनची खात्री, घराजवळची बदली या सगळ्यापुढे खासगी कॉलेजातल्या ट्यूटरचं मानधन कमी पडतं. मेंटॉरिंगने ते भरून निघणार नाही. संस्थाचालकांनी "आम्ही मेंटॉर दिलाय ना" म्हणून पगाराचा विषय टाळू नये, हे मी उघड लिहिते. आणि ज्या मुलीला तुम्ही वर्षभर घडवलं, ती स्टाफ नर्स होऊन जाते कुठे? त्याच रुग्णालयांत, जिथे उद्या तुमचे विद्यार्थी पोस्टिंगला जाणार आहेत. ज्या वॉर्डातली सिस्टर शिकवणारी असते त्या वॉर्डात मुलं शिकतात. तुमची मेहनत परिचर्येच्या बाहेर गेली नाही.

आता "आम्हाला कुणी शिकवलं नाही" याबद्दल. वैयक्तिक अनुभव म्हणून ते खरं असेल, पण आपल्या पेशाची ती रीत नव्हती. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा सुरू झाली. तिथे वॉर्डाच्या सिस्टरखेरीज 'होम सिस्टर' असे, शिकाऊ मुलींचा अभ्यास आणि राहणी बघणारी. नाइटिंगेल स्वतः आजारपणामुळे बहुतेक घरातच असत, तरी १८७२ पासून त्यांनी या शिकाऊ नर्सना उद्देशून पत्रं लिहिली आणि वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या.

आपल्या पुण्यातलं उदाहरण तर मला अधिक जवळचं वाटतं. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयात मुली नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. त्या काळी चांगल्या घरातल्या बाईने परक्याची सेवाशुश्रूषा करायची, रात्री दवाखान्यात राहायचं, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. पहिल्यांदा पुढे आल्या त्यांत विधवा होत्या. नुसतं "जा, शिका" म्हणून त्या ससूनमध्ये टिकल्या नसत्या. घरच्यांची समजूत घालायला, राहण्याची सोय बघायला, टोमणे ऐकून परत आलेल्या बाईला पुन्हा उभं करायला रमाबाई आणि त्यांच्या सहकारी होत्या.  आपल्याकडे या बायका पेशात टिकल्या त्या कुणीतरी पाठीशी उभं राहिल्यामुळेच.

अजून एक विनंती आहे, ती तुमच्यासाठी. अमेरिकेतल्या नॅशनल लीग फॉर नर्सिंगने २००६ साली नर्सिंगच्या शिक्षकांसाठी मेंटॉरिंगवर एक निवेदन काढलं. मेंटॉर नव्यांनाच लागतो असं नाही, मधल्या आणि शेवटच्या टप्प्यावरही लागतो, असा त्याचा रोख होता. २०२१ मध्ये बीएस्सीला सेमिस्टर आणि क्रेडिट आले, सिम्युलेशन लॅबचे तास आले, ओएससीई या प्रात्यक्षिक परीक्षेची स्टेशनं लावावी लागतात. यात तुम्हालाही अडत असेल. तुमची नवी ट्यूटर तुम्हाला संगणकावर क्रेडिटचा हिशेब दाखवेल, तुम्ही तिला पेशंटच्या नातेवाइकाला वाईट बातमी कशी सांगायची ते दाखवा. दोघी एकमेकींकडून शिकाल आणि तुमचा हा थकवा निम्मा कमी होईल.

शाळा-कॉलेज मराठी माध्यमात झालं. वर्गात इंग्रजीत शिकवताना शब्द सापडत नाहीत. माझ्या मेंटॉर मॅडम म्हणतात, वर्गात मराठी बोललात तर तुमचा दर्जा जाईल. — ट्यूटर, वसमत

दर्जा भाषेवरून ठरत नाही. विद्यार्थ्याला समजलं की नाही यावरून ठरतो. परीक्षा इंग्रजीत आहे, पुस्तकं इंग्रजीत आहेत, चार्टही इंग्रजीत लिहायचे असतात, म्हणून इंग्रजी लागणारच. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीचा विषय त्यासाठीच ठेवलाय. पण समोरची मुलंही तुमच्यासारखीच जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेली आहेत. संकल्पना मराठीत उलगडा, मग तीच इंग्रजीत दोन वाक्यांत म्हणा आणि फळ्यावर लिहा. पेशंटशी बोलणं तर मराठीतच शिकवायला हवं. वसमतच्या ओपीडीत आलेली आजी "पोटात मुरडा येतोय, तोंडाला पाणी सुटतंय" म्हणते, ते नीट ऐकून केसशीटवर अचूक उतरवणारी नर्स घडवणं हे तुमचं काम.

स्वतःच्या इंग्रजीसाठी मेंटॉरकडे एवढंच मागा: आठवड्याला एका पाठाची टाचणं त्यांनी वाचावीत आणि चुकीच्या वाक्यांखाली रेघ ओढावी, दुरुस्त तुम्ही कराल. सहा महिन्यांत फरक दिसेल. त्यांनी ते करायला नकार दिला आणि फक्त टोकत राहिल्या, तर मेंटॉर बदलून मागायला कचरू नका.

मी पुरुष ट्यूटर आहे. प्रसूती विभागात मुलांना घेऊन गेलो की तिथल्या सिस्टर मला दाराशीच थांबवतात. मुलं म्हणतात, सर, आमचे तास कसे भरायचे? — हिंगोली

बीएस्सीच्या अभ्यासक्रमात प्रसूतिशास्त्र मुलामुलींना सगळ्यांनाच आहे, त्यामुळे हक्क तुमच्या बाजूने आहे. पण हक्क दाराशी उभं राहून सांगू नका. पोस्टिंग सुरू होण्याच्या आधीच इन्चार्ज सिस्टरना भेटा, आपल्या कॉलेजच्या एखाद्या शिक्षिकेला सोबत न्या. प्रत्येक बाईची संमती घेऊनच आणि स्त्री कर्मचारी हजर असतानाच तुमचे विद्यार्थी आत येतील, हे आपण होऊन सांगा. आणि त्या इन्चार्ज सिस्टरनाच या विभागापुरत्या तुमच्या मेंटॉर व्हायची विनंती करा. कळा देणाऱ्या बाईशी कसं बोलायचं, कुठे नजर वळवायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच येत नाही. मेंटॉर कॉलेजच्या पटावरचाच असला पाहिजे असा काही नियम नाही.

माझ्या मेंटॉर मॅडम पीएचडी करत आहेत. त्यांच्या प्रश्नावल्या मी गावोगावी जाऊन भरून आणते, रविवारीही. आकडे संगणकावर मीच चढवते. परवा त्यांचा शोधनिबंध आला, त्यात माझं नाव कुठेच नाही. बोलले तर संबंध बिघडतील. काय करू?

हे मेंटॉरिंग नव्हे, बिनपगारी मदतनिसाचं काम आहे. तरी आधी नियम समजून घ्या, म्हणजे तुमची बाजू पक्की राहील. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकाच्या चार अटी ठरवल्या आहेत: संशोधनात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मजकुराला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही पुऱ्या झाल्या तरच लेखक. नुसती माहिती गोळा केली असेल तर त्या नियमाने लेखक म्हणून नाव येत नाही, पण आभारात ते यायलाच हवं होतं. तेवढं तुम्ही हक्काने मागू शकता.

मॅडमना असं सांगा: "हा अभ्यास मला आवडला. पुढच्या निबंधात मला विश्लेषण आणि लिखाणातही घ्या, म्हणजे मी शिकेन आणि माझं नावही रीतसर येईल. ते शक्य नसेल तर प्रश्नावल्यांचं काम मी एवढ्यावर थांबवते." रागावून नको, पण लेखी कळवा. मेंटॉरिंग सुरू होतानाच कुणी काय करायचं आणि कुणाचं नाव कुठे येणार हे एका पानावर लिहिलेलं असतं, तर ही वेळ आली नसती. यावर संबंध बिघडलेच तर प्राचार्यांकडून दुसरा मेंटॉर मागा.

पुढे तुम्हाला स्वतःला पीएचडी करायची असेल तर मार्गदर्शक आणि मेंटॉर एकच ठेवू नका. भारतीय परिचर्या परिषदेने बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या साथीने नर्सिंगच्या पीएचडीसाठी राष्ट्रीय गट चालवला आहे, आपल्याकडे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. मार्गदर्शक प्रबंधाला जबाबदार असतो. प्रबंध अडला, मार्गदर्शकाशीच वाजलं, सोडून द्यावंसं वाटलं, तर बोलायला दुसरं माणूस हाताशी असावं.

मी पूर्णेतली निवृत्त सिस्टर. जीएनएम आहे, बीएस्सी नाही. आयुष्यभर दवाखान्यात काम केलं, कित्येक मुलींना हाताखाली तयार केलं. आता घरी बसून आहे. कॉलेजात मला कुणी विचारणार नाही, तरी माझा काही उपयोग होईल का?

होईल, आणि भरपूर होईल. पदव्यांच्या नियमामुळे तुम्हाला शिक्षक म्हणून पटावर घेता येणार नाही, हे खरं. पण नव्या ट्यूटरला वॉर्डात उभं राहायला शिकवणं यासाठी पदवी लागत नाही. पूर्णा हे रेल्वेचं गाव, इथे दवाखान्यांत आयुष्य घालवलेल्या तुमच्यासारख्या सिस्टर आणखीही असतील. दोघी-तिघी मिळून पुढे या.

आधी स्वतःची तयारी करा. तुमच्या काळात सुईला टोपण परत लावत, काचेच्या सिरिंज उकळून वापरत. आता वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, ती सुई तोडायच्या यंत्रात जाते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पाठ करा: पिवळी पिशवी कशाला, लाल कशाला, सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरना विनंती केलीत तर त्या दोन दिवस सोबत ठेवून दाखवतील. हे एकदा पक्कं झालं की बाकी सगळं तुमच्याकडे आहे: दहा पेशंट असताना आधी कुणाकडे जायचं, डॉक्टरांना रात्री फोन करून काय आणि किती शब्दांत सांगायचं, हँडओव्हर देताना काय विसरायचं नाही, हुंदके देणाऱ्या विद्यार्थिनीला किती वेळ रडू द्यायचं.

जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना साध्या मराठीत अर्ज करा. "मला शिकवायला नको, नव्या ट्यूटरसोबत आठवड्यातून एक सकाळ वॉर्डात उभी राहीन" एवढंच त्यात लिहा, आपला नोंदणी क्रमांक आणि कुठल्या विभागात किती काम केलं ते जोडा. रुग्णालयाची परवानगी प्राचार्य काढतील. येण्याजाण्याचा खर्च मागायला संकोच करू नका. आणि पहिल्या दिवशी ट्यूटरला तिच्या विद्यार्थ्यांसमोर "मॅडम" म्हणा, वयाने ती तुमच्या नातीएवढी असली तरी.